पहिली तीन द्यायची नाहीत

—चौथं पुस्तक ने की. चौथं पाहिजे तर दोन ने, माझ्याकडं पडूनच हायेत. 'मिरच्यांचं वाळवण' — त्याला बक्षीस बी मिळालं, तू बी तेच वाचून आलीस ना? आत्ता तूच म्हणलीस, इतकं शांत, समजूतदार लिहिणारी बाई औरंगाबादेत राहून गेली अन् तिचं आधीचं एक पान कुणाला ठावं नाय, विद्यापीठात नाय, वाचनालयात नाय, पुण्याला बी नाय — कुठून मिळणार? पहिली तिन्ही माझ्यापाशी हायेत, त्या फडताळात, वरच्या फळीवर, अन् ती मी देत नाय. राग नको मानू. दमयंतीबाई गेल्या, त्यांच्या आधी दत्तोपंत गेले, मागं लेकरूबाळ कुणी नाय, छापखाना बी कधीचा मोडला — ही तीन गेली म्हंजे त्या बाईचं नाव अर्धंच राहिलं, हे मला बी समजतं गं. तू म्हणतीस नव्यानं छापू. छाप ना, चौथं छाप. चहा घे आगुदर. अन् त्या पडद्याकडं सारखं नको बघू, आत आमचे मालक पडलेत, लकवा मारलाय त्यांना, बोलता येत नाय. ऐकू मात्र सगळं येतं.

मी कोण त्यांची? कुणीच नाय. शेजारीण. निजामावर पोलीस ॲक्शन झालं त्या सालचा माझा जन्म, सिल्लोडकडं माहेर, बागायत जमीन, बापानं सातवीपर्यंत शिकवलं अन् मंग दिलं नानासाहेबाला — का, तर शहरात नोकरी, धान्याच्या गोदामावर मुकादम, पोरगी राज्य करंल. हेच राज्य, बघ, ही पदमपुऱ्यातली खोली. अन् ह्या भिंतीपलीकडं दत्तोपंत अन् दमयंतीबाई. ते कचेरीत कारकून, बारीक अंगाचे, खाली मान घालून जायचे-यायचे. त्या चष्मेवाल्या, बोलायला कमी. भिंत नावालाच गं, कुडाची, वरून गिलावा मारलेला — त्यांच्याकडं फोडणी पडली की मला ठसका लागायचा. पण येणंजाणं म्हंजे हळदीकुंकवापुरतं. त्यांची जात निराळी, माझी निराळी, त्यांच्या घरात चार बुकं, माझ्या घरात पोत्याचा वास. त्या दुपारी काय करत बसतात हे मला काय, अख्ख्या गल्लीत कुणाला ठावं नव्हतं. आम्ही म्हणायचो, झोपत असंल बाई.

आता माझ्या गळ्याकडं बघून तुला विचारायचंय, मालक मारायचे का म्हणून. विचार की, लाजतीस कशाला — मारायचे. मारायचे म्हंजे, पंचा ओला करायचे, पीळ घालायचे अन् त्यानं. ओल्या पंचाचा वळ लई उठत नाय, आतून दुखतं, हा त्यांचा शोध, गोदामावर हमालांवर करून बघितलेला. कालवणात मीठ जास्ती पडलं, मार. माहेरचा माणूस येऊन गेला, मार. कुणीच आलं नाय, तर आलं कसं नाय म्हणून मार. एकदा ह्या गळ्याखालचं हाड मोडलं — हे बघ, हात लावून बघ, इथं अजून उंचवटा हाये — दवाखान्यात म्हणलं, पाय घसरला. डॉक्टर म्हणाला, बाई तुमच्या घरात लईच घसरतं. हासला. मी बी हासले. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीबाई दारात यायच्या, वाटीत आंबेहळदीचा लेप, गरम, तयार. कधी विचारलं नाय काय झालं, कुठं लागलं. वाटी ठेवायची अन् जायचं. मला काय वाटायचं, सांगू? मला वाटायचं हिला बी घरी लागतच असंल, म्हणून करून ठेवती, त्यातलाच थोडा मला देती.

म्हणून तर गफलत झाली ना माझी. वाचनालयात तव्हा दुपारची एक वेळ बायकांसाठी असायची, भाजीला जायचं अन् येता येता तिथं टेकायचं, पंख्याखाली. तिथं टेबलावर एक नवं पुस्तक पडल्तं. हे तिसरं. उघडलं मधूनच, अन् पहिलीच ओळ काय, तर 'त्याने पंचा भिजवला.' म्हणलं, हा शोध आमच्या घरातला, हा पुस्तकात कसा? पुढं सगळं — हाड मोडलं, ती दवाखान्यात पाय घसरला म्हणती, डॉक्टर हासतो, ती बी हासती. अन् शेवटी नवरा तिचा गळा दाबतो, ती मरती. मंग वर नाव बघितलं. दमयंती. आडनाव तेच. माझी शेजारीण. मी वाचनालयाच्या बाईला म्हणलं, हिचं आधीचं काही हाये का, तर तिनं मागच्या कपाटातून धूळ झटकून दोन काढून दिली, म्हणली, ही कुणी नेतच नाय, लई मारझोड हाये. मी नेली. दुसरं वाचलं, मंग पहिलं — उलटी वाचत गेले, मोडलेल्या हाडापासून थेट पहिल्या थोबाडीपर्यंत.

तू म्हणशील, तुला कळलं कसं नाय की ही तूच. कसं कळंल? पुस्तकातली बाई पोळ्या करती, पुरण शिजवती, सोवळ्याचं बघती, 'अहो' म्हणती, नाव उमा, पुढच्या दोन्हींत निराळी नावं पण बाई तीच. आमच्यासारखीवर कुणी पुस्तक लिहीत असंल, हे माझ्या बापाच्या बी डोक्यात आलं नसतं. मला वाटायचं, बाई पुस्तक लिहिती म्हंजे आपलंच लिहिती, दुसऱ्याचं कुणी कशाला लिहील? माझ्या मनात एकच. वरून गरीब गाय दिसणारा हा दत्तोपंत, हा आमच्या मालकाचाच भाऊ निघाला, अन् ही बाई तोंड दाबून सोसती, कागदावर रडती, अन् वर मला लेप आणून देती. मी रडले गं तिच्यासाठी. स्वतःसाठी कधी डोळ्यात पाणी आलं नव्हतं, इतका कोडगा झाला व्हता जीव, अन् तिच्यासाठी चुलीपुढं बसून हमसून हमसून रडले. पहिल्यात तिला विहिरीत ढकललं, दुसऱ्यात रॉकेल टाकून पेटवलं, तिसऱ्यात गळा दाबला — म्हणलं, हिला रोज मरणच दिसतंय. चौथं लिहायला ही उरायची नाय.

रविवार व्हता. मालक गोदामावर गेल्ते. मी वरवंटा घेतला, पदराखाली धरला अन् गेले पलीकडं. दार उघडंच. दत्तोपंत ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्ते, चष्मा नाकावर, सूप मांडीवर. मला बघून म्हणाले, या सारजाबाई, त्या आत आहेत. मी म्हणलं, तुम्हालाच भेटायचंय. अन् घातला. डोक्यात घालणार व्हते, त्यांनी मान वळवली म्हणून कपाळावर बसला, कडंला. तांदूळ सगळे उधळले. रक्त आसं आलं, की डोळा दिसंना त्यांचा. मी दुसरा हाणला, खांद्यावर, मंग पाठीत — अन् तोंडानं चालूच, बायकोला मारतोस, मुडद्या, पंचा भिजवतोस, पोटुशी बाईला लाथ घालतोस. ते ओरडले सुद्धा नाय. हात डोक्यावर धरून त्या तांदळात तसेच गोळा होऊन पडले. मार खायची सवय नसली की माणूस कसा मार खातो, ते मी तव्हा पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं, आतून दमयंतीबाई येतील, माझ्या गळ्यात पडतील. त्या आल्या अन् माझ्या अन् त्यांच्या मधी उभ्या राहिल्या. काय पांढऱ्या पडल्या व्हत्या. मी म्हणलं, बाई, भिऊ नका, मी सगळं वाचलंय. तिन्ही वाचलीत.

त्या म्हणाल्या, "सारजाबाई, ते माझं नाही. ते तुमचं आहे. भिंतीतून ऐकू यायचं."

वरवंटा तसाच हातात. ऐकू यायचं. म्हंजे पंचा भिजवताना बादलीत पाणी पडतं, ते ऐकू यायचं. मी ताट खाली ठेवते, ते ऐकू यायचं. दवाखान्यातलं तर मीच सांगितल्तं, लेप घेताना, हासून. सगळं ऐकून दुपारी बसायचं अन् लिहायचं — माझा मार घ्यायचा अन् त्याला जात आपली घालायची, नाव आपल्यातलं द्यायचं, म्हंजे कुणाला पत्ता लागू नये. मी म्हणलं, बाई, तीनदा मारलंत मला. तीनदा. त्या म्हणाल्या, "दर वेळी वाटायचं, आज तुम्ही उरत नाही. सकाळी तुमची बादली वाजली की मी जेवायची." मी म्हणलं, मंग आलात कामून नाय? दार वाजवायचं, काडी मागायला आले म्हणायचं, साखर मागायची. त्या दत्तोपंताच्या कपाळाला पदर लावून बसल्या, म्हणाल्या, हे म्हणायचे नवरा-बायकोत आपण पडू नये. अन् ते खालून, रक्तातून, हात जोडून म्हणाले, माझं चुकलं सारजाबाई. आता काय करावं आसल्या माणसाचं? दवाखान्यात त्यांनी काय सांगितलं, ठावं हाये? पाय घसरला. टाके पडले, पण माझं नाव घेतलं नाय त्यांनी, मरेस्तोवर नाय.

संध्याकाळी मालक आले. वरवंट्यावरचं रक्त मी धुतलं नव्हतं, धुवायची शुद्ध कुणाला व्हती. स्वयंपाक केला नव्हता. त्यांनी पंचा घेतला, बादलीकडं गेले. मी म्हणलं, भिजवू नका. ते हासले. उचलला हात — अन् मी त्या हातावर हाणला, मनगटावर, जिथं दोन हाडं असतात तिथं. मोडल्याचा आवाज आला. मंग गुडघ्यावर. पडले. पडल्यावर बी थांबले नाय मी, खोटं कशाला बोलू. लई ओरडले नानासाहेब, मुकादमाचा आवाज, गोदामावर कमावलेला. अन् ओरडत व्हते तव्हा माझ्या मनात एकच, की ऐकताय ना दमयंतीबाई, आता हे लिहा. सकाळी दाराशी वाटी व्हती लेपाची. मालकासाठी. मी ती गटारात ओतली.

त्याच्यानंतर हात नाय उचलला त्यांनी. पंचा वाळतच घालायचे, निमूट. अन् दमयंतीबाईनं चौथं लिहिलं, त्यात बाई मरत नाय, अंगणात मिरच्या वाळवत बसती अन् नवरा तिला भिऊन असतो, त्यालाच तुम्ही शांत म्हणता, समजूतदार म्हणता. बक्षीस मिळाल्यावर त्यांना पहिल्या तिन्हींची लाज वाटायला लागली. वाचनालयातून मागून आणली, छापखान्यातली उरलेली आणली, बाकी रद्दीत घातली अन् एकेक प्रत माझ्या दारात ठेवली. म्हणाल्या, जाळा नाहीतर ठेवा, तुमची आहेत. मंग ते दोघं पुण्याकडं गेले, तिकडंच वारले. मी जाळली नाय. कशी जाळू? दुसऱ्यात माझं पोरगं हाये ना.

नाय सांगितलं व्हय तुला? पाचवा महिना व्हता. लाथ बसली पोटात. गेलं ते, अन् पुन्हा राहिलं नाय. पोरगा व्हता, सुईणीनं दाखवला मला. दुसऱ्या पुस्तकात दमयंतीबाईनं काय केलं — ती लाथ हाये, ते रक्त हाये, पण लेकरू वाचतं. बाई मरती अन् पोरगं वाचतं. त्याचं नाव मुकुंद ठेवलंय. रांगतं, दात येतात, शाळेत जातं, मॅट्रिक होतं. माझ्याबाबतीत उलटं झालं, मी वाचले अन् ते गेलं. मी ते किती वेळा वाचलं असंल, त्याचा हिशोब नाय. त्या बाईवर राग हाये, लई हाये, पण एवढं तिनं माझ्यासाठी केलं, की माझं पोरगं कुठंतरी मोठं करून ठेवलं. ते तुला कसं देऊ? तू नेशील, कुठं कुणाच्या हातात पडंल. म्हणशील दुसरं ठेव, पहिलं अन् तिसरं दे. त्याला बी इलाज नाय. ते मालकासाठी लागतात.

वाचून दाखवते की. लकवा झाल्यापासून. जेवण भरवलं, अंग पुसलं, की पडद्याआड बसते अन् वाचते, पहिलं संपलं की तिसरं, तिसरं संपलं की पुन्हा पहिलं. त्यांना कुठं आठवतंय, म्हणून आठवण करून देते. पहिल्या पानावर थोबाडीत हाये, मिठावरून — तिथं वाचायचं थांबते, अन् देते एक. मंग पुढं वाचते. जिथं जिथं दमयंतीबाईनं लिहिलंय तिथं तिथं देते. आपल्या मनाचं काही नाय घालत, लिहिलंय तेवढंच. तोंड नको आसं करू. पंचा बी भिजवते कधी. वळ उठत नाय त्याचा, डॉक्टर येतो त्याला सुद्धा दिसला नाय. आता आता तर मारावं बी लागत नाय, पान उलटलं तरी डोळे मिटून घेतात. पण पुस्तक पाहिजे ना हातात. नुसतं मनानं मारलं तर मी त्यांच्यासारखीच झाले, व्हय का नाय? पुस्तकातलं वाचून देते म्हंजे ते बरोबर होतं.

बस, बस. उठू नको. उठलीच हायेस तर ये आत, फडताळातनं काढून दाखवतेच तुला, म्हंजे पुन्हा मागायची नाय. हे तिसरं. सार तो पडदा. नाना, ओ नाना, डोळे उघडा, पाव्हणी आलीय विद्यापीठातून. बघ, आत्ताच अंग चोरायला लागले. उजवा हात मेलाय, डावा जरासा हलतो, तो तोंडावर घेतात. ऐका आता — 'त्याने पंचा भिजवला. तिने ताट खाली ठेवले. तिला ठाऊक होते की —'

ए. ए पोरी. सोड. उचललेला हात सोड माझा.

सोड म्हणते ना. तुझा काय संबंध? आमच्या दोघांतलं हाये हे, तू कोण मधी पडणारी, चहा प्यायला आलीस, चहा पी अन् — अगं दुखतंय. तुला बी हाणीन हां, म्हातारी झाले तरी हाणीन सांगते. सोडत नाय? एवढीशी बोटं तुझी, अन् कसं धरलंयस गं घट्ट.

एवढंच व्हतं व्हय.

आसं यायचं अन् आसा हात धरायचा. बास? एवढंच करायचं असतं? दमयंतीबाईला त्यांच्या दारातून माझ्या दारात यायला चपला सुद्धा घालाव्या लागत नव्हत्या गं. त्यांनी तीन पुस्तकं लिहिली. रात रात जागून ऐकलं, उपाशी राहिल्या म्हणं माझ्यासाठी, अन् हे — हे एवढं —

नाय, रडत नाय मी. ते पुस्तक घे हातातलं. घे, पडंल. फडताळातली दोन्ही बी काढ, वरच्या फळीवर, फडक्यात बांधलीत. तिन्ही ने. छाप, काय करायचं ते कर. अन् मला दाखवायला आणू नको. नाना, उघडा डोळे, काही नाय, माराची वेळ गेली.

सोड आता. नाय मारत मी. जा.